वजनाचा रकाना

धक्क्यावर तिला सगळे मोजणीबाई म्हणत. मत्स्यसंशोधन केंद्राच्या नोकरीत तिची एकवीस वर्षं गेली होती. सकाळी होड्या लागल्या की प्रवाळखडकांतले मासे ती एकेक करून फळीवर निजवायची, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी घ्यायची, मग फडक्याने पाणी टिपून काट्यावर ठेवायची. न टिपता घेतलेलं वजन तिला खोट्या साक्षीसारखं वाटे.

"वहिनी, पावडरही लावा त्याला," होडीतून धाकटा दीर म्हणायचा.

"तुला लावते आधी, थांब."

पण गेली चार वर्षं मासे हलके भरत होते. लांबी तीच, पूर्वी पाव किलो भरणारा मासा आता दोनशे ग्रॅमला टेकेना. पोट खपाटीला गेलेलं. जाळ्यांनी खरवडलेल्या खडकात खायलाच उरलं नव्हतं. दोन वर्षं तिथे जाळी पडू नयेत, हे दीरालाही पटलं होतं.

"पण मी एकटा थांबलो तर बाकीचे धुऊन नेतील," तो म्हणाला. "तुमच्या केंद्राने लिहून दिलं, तर बंदी येईल. मग सगळेच थांबतील."

म्हणून तिने एकेक वजन दोनदा घेतलं.

अहवाल तयार झाला. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"लांबी आणि वजनाचा इतका चोख मेळ मी कुठे पाहिला नाही. मासे उत्तम आहेत. आभारात तुमचं नाव घातलंय."

तिने तक्ता पाहिला. लांब्या तिच्या होत्या, वजनं नव्हती.

"ही वजनं कुठली, साहेब?"

"तुमची फारच कमी येत होती. काटा बिघडला असणार. मग लांबीवरून सूत्राने काढली."

"सूत्र कुठलं?"

"तुमचंच की. पहिल्या वर्षी तुम्ही मोजलेल्या माशांवरून बसवलेलं."

"तेव्हा काटा बरोबर होता?"

"अर्थात."

"काटा तोच आहे, साहेब."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "अहवाल वर गेलाय, बाई."

दुसऱ्या दिवशी दीराने होडी बांधता बांधता विचारलं, "काय ठरलं? थांबायचं?"

"नाही. मासे धडधाकट आहेत म्हणे."

तो हसला नाही. त्याने टोपली तिच्यापुढे सरकवली.

नव्या छापील कागदांवर वजनाचा रकानाच नव्हता. तिने लांबी लिहिली. सवयीने फडकं घेतलं, मासा टिपला. फडक्यातून त्याचे काटे बोटांना लागत होते. टिपून झाल्यावर तो कुठे ठेवायचा, हे तिला सुचेना.