ताडकळसची सेलाम

आमच्या बँडचे किस्से टेम्पोतल्या वायरींसारखे आहेत. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. परवा एका मित्राकडे चहाला म्हणून बसलो तो जेवूनच उठलो, तरी निम्मे राहिलेच.

मी सेलामच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. एरवी परभणीत गणिताच्या शिकवण्या घेतो, म्हणून सगळे मला 'सर' म्हणतात. मुनीरभाई साऊंड बघतात, कार्यक्रम ठरवतात आणि लागेल तिथे भांडतात. सेलाम गाते. पॉप गाते, आणि काय गाते राव! तिची आई सुनीताताई ताडकळसची, शाळेत शिक्षिका. वडील तेस्फाये इथिओपियाचे. शेतकी शिकायला परभणीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या भाषेत सेलाम म्हणजे शांती.

आमच्याकडे मात्र या नावाने कधी कुणाला शांती मिळाली नाही.

*

पहिला कार्यक्रम ठरवायला आम्ही एका मंगल कार्यालयाच्या मालकाकडे गेलो.

"नाव काय तुमचं?"

"सेलाम."

"वालेकुम सलाम. बसा. नाव काय?"

"सेलाम."

"झाला की सलाम. आता नाव सांगा."

मुनीरभाई मध्ये पडले. "मालक, तेच नाव हाय त्यांचं."

मालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मान डोलावली, मुलाला फोन लावून सगळं समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. त्यावर मोठ्या अक्षरात होतं : 'वालेकुम आणि पार्टी'.

*

तेस्फाये हे नाव ताडकळसच्या जिभेवर बसेना. आठवड्याभरात त्यांचं 'तात्या' झालं. त्यांच्या लग्नाची बोलणी कशी झाली, ते त्यांच्याच तोंडून ऐकण्यासारखं आहे.

सुनीताताईंचे वडील रिटायर्ड हेडमास्तर. तात्या मागणी घालायला एकटेच आले. समोर सगळी भावकी बसलेली. एका चुलत्यांनी विचारलं, "आमच्या पोरीला तिकडं खायला काय मिळंल?"

"ज्वारी," तात्या म्हणाले.

सगळ्यांना वाटलं, पोरगा लोणी लावतोय. पण तात्या शेतकीचे विद्यार्थी. त्यांनी मनापासून सांगितलं की ज्वारी मुळात आफ्रिकेतली, फार जुन्या काळी तिकडून इकडे आली.

चुलते उठून उभे राहिले. "पोरगी घेऊन जा म्हणा. जवारीला हात लावायचा न्हाई."

मग दुपारभर ज्वारीवर वाद झाला. लग्नाचं नाव कुणी काढेना. सुनीताताई आत दाराआड उभ्या राहून रडकुंडीला आल्या होत्या. शेवटी हेडमास्तर म्हणाले, "जवारी तिकडून आली, तवा आमी तिला कुळ विचारलं न्हाई. डायरेक्ट चुलीपाशी नेली. ह्यो गडी तर सकाळपून दारात बसून विचारायलाय."

लग्न ठरलं. त्या चुलत्यांनी आहेर म्हणून तात्यांना ज्वारीचं पोतं दिलं आणि वर सांगितलं, "परभणीची हाय."

*

सोनपेठच्या कार्यक्रमात आयोजकांनी जाहिरात केली होती, 'आफ्रिकेतून खास विमानाने येत आहेत.' आम्ही एसटीने गेलो. स्टेजवर चढताच सेलाम म्हणाली, "माईक वाढवा की ओ, मलाच माझं ऐकू येईना गेलंय."

लोकांत कुजबुज सुरू झाली. आयोजक धावत विंगेत आले. "मॅडम, मराठी बोलू नका. लोक चिडायलेत. फसवलं म्हणतेत."

सेलामला राग आला होता. पण मैदान गच्च भरलेलं. मुनीरभाई म्हणाले, "टेन्शन नक्को. तू आफ्रिकन बोल, मी सांगतो अर्थ."

आता तिला वडिलांची भाषा येते ती किती, तर लहानपणी घरात ऐकलेली. तिने माईक धरला आणि गंभीरपणे म्हणाली, दार लाव. पाणी आण. ताट धू आधी.

मुनीरभाईंनी गहिवरून सांगितलं, "सोनपेठच्या मातीला माझं वंदन. असे रसिक मी जगात कुठे पाहिले न्हाईत."

टाळ्यांचा कडकडाट. तिने आणखी दोन वाक्यं टाकली. चप्पल कुठे आहे. दूध उतू चाललंय. मुनीरभाईंनी त्यातून गोदावरीचं वर्णन काढलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी डोळे पुसले.

तेवढ्यात बायकांमधून सुनीताताईंची मावसबहीण उभी राहिली. "सेलू, आधी जेवून घे गं. आमटी निवायलीय."

सेलामच्या तोंडातून निघून गेलं, "आले मावशे."

आयोजक आजही आमचा फोन उचलत नाहीत.

*

मग मुंबईच्या एका म्युझिक प्रोड्युसरने तिला बोलावलं. मी सोबत होतो. ते मराठी नव्हते, पण मोडकंतोडकं बोलायचे. त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"ताडकळसची."

"नाही, नाही. त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी पेडगाव. आजोबांची बदली झाली ना."

"अहो, रूट्स. अगदी खोल. तिकडचं काहीतरी जुनं, मातीतलं गा."

सेलामला तिकडचं काही येत नव्हतं. मातीतलं म्हणाल तर आजीने शेतात निंदताना रचलेलं एक गाणं येत होतं. तिने डोळे मिटले आणि तेच सुरू केलं :

*आमी निंदतो कापूस, नणंद सावलीत बसली*
*साऱ्या बायांची भाकर एकल्या बाईनं गिळली*

प्रोड्युसर खुर्चीतून उठले. म्हणाले, अंगावर काटा आला. सेलामने त्यांना दोनदा सांगितलं की हे आमच्या आजीचं आहे, मराठी आहे. ते हसून म्हणाले, "संगीताला भाषा नसते." आणि गाणं बाहेर पडलं ते 'आफ्रिकेतली प्राचीन प्रार्थना' म्हणून, मागे ढोल आणि सिंहाची डरकाळी लावून.

गाणं चाललं. जिमात वाजलं, योगाच्या क्लासात वाजलं. लोक डोळे मिटून ध्यान करायचे आणि कानात नणंद भाकऱ्या गिळायची. सेलामला झोप लागेना. "सर," ती मला म्हणाली, "लोकांना माझा आवाज आवडला का सिंहाचा, तेच कळंना." तिने एका मुलाखतीत खरं सांगून टाकलं. प्रोड्युसरने पुढचं काम काढून घेतलं. पण परभणीत ते गाणं आता घरोघर शब्दांसकट वाजायला लागलं, आणि तिथे खरी पंचाईत झाली.

कारण नणंद जिवंत होती. पेडगावातच दिलेली. गाण्याला कारण झालेल्या त्या भांडणापासून आजी आणि आत्याआजी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

एके सकाळी आत्याआजी ताडकळसला एसटीतून उतरल्या. घरात आल्या, पाणी घेतलं नाही. म्हणाल्या, "लाव ते." सेलामने मोबाईल लावला. आजी चुलीकडे तोंड करून बसल्या. गाणं संपलं. सिंहही संपला.

आत्याआजी सेलामला म्हणाल्या, "गळा ब्येस हाय तुजा." मग आजींच्या पाठीकडे बघून म्हणाल्या, "सगळीकडं वाजायलंय म्हणतेत. मग माजं नाव का घातलं न्हाईस?"

आजी मागे न वळता म्हणाल्या, "वळीत बसत न्हवतं."

"दुसरी वळ कर मग."

त्या दुपारी दोघी नवं कडवं रचत बसल्या. त्यात आत्याआजींचं नाव आलं. भाकऱ्याही वाढल्या.

*

गेल्या वर्षी इथिओपियात, अदिस अबाबाला कार्यक्रम मिळाला. तिथल्या भारतीय लोकांनी बोलावलं होतं. सुनीताताई आणि तात्याही आले. तात्यांच्या आईला हे लग्न पसंत नव्हतं. मग कधी इकडे अडचण, कधी तिकडे, असं करत सासू-सुनेची भेटच झाली नव्हती. फोनवर म्हातारी नातीशी चार शब्द बोलायची, सुनेचा आवाज आला की गप्प व्हायची.

विमानात सुनीताताईंनी काही खाल्लं नाही. पर्समधली तिळाच्या चटणीची पुडी तेवढी सारखी चाचपत होत्या. तात्या त्यांना धीर देत होते, "मी आहे ना, शब्द न् शब्द सांगतो."

घरी पोचलो. म्हातारी दारातच होती. उंच, पांढऱ्या वस्त्रातली. सुनीताताई पाया पडल्या. तिने त्यांना उठवलं, बराच वेळ निरखलं आणि हाताला धरून आत नेलं. तात्या मागोमाग निघाले तर म्हातारीने त्यांना काहीतरी खडसावलं आणि पडदा ओढून घेतला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बाहेर बस म्हणाली," तात्या ओशाळून म्हणाले.

आतून कॉफी भाजल्याचा वास येत राहिला. एक आवाज तिकडच्या अम्हारिक भाषेतला, एक मराठवाडी. दोघींना एकमेकींचं अक्षरही येत नव्हतं. तरी कधी दोघी एकदम बोलायच्या, कधी कुणी हुंदका द्यायचं, कधी खळखळून हसायच्या. तात्या, सेलाम, मुनीरभाई आणि मी, आम्ही चौघं बाहेर रांगेत बसून ऐकत होतो. ऊन उतरलं तेव्हा सुनीताताई डोळे पुसत बाहेर आल्या.

गाडीत सेलामने विचारलं, "मम्मी, एवढं काय बोलत होतीस गं आजीशी?"

"काय न्हाई गं. सुनेचं गाऱ्हाणं सांगायल्या होत्या."

"कुठल्या सुनेचं?"

"माजंच की."

"मग तू काय म्हणालीस?"

सुनीताताईंनी काच खाली केली, वाऱ्याला पदर सावरला. "म्हणलं, खरं हाय आई तुमचं. लय हट्टी हाय ती."