जगदाळे सर आणि जांघेतली वाट

जगदाळे सर नाकातून हसायचे. कुणी नवं यंत्र दाखवलं, कुणी परदेशातून पदवी आणली, की ते नुसतं 'हुं' करत आणि समोरचा माणूस वीतभर लहान होई. नव्वदच्या दशकात सांगलीत त्यांच्या शस्त्रक्रियांना मी भूल देत असे. सर शिकले पुण्यात, पण बोली खानापूर तालुक्याचीच राखली होती.

एकदा साताऱ्यात डॉक्टरांची सभा होती. मुंबईच्या एका तरुण सर्जननं पडद्यावर नवी पद्धत दाखवली. पोटातली महारोहिणी, म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी धमनी, फुग्यासारखी फुगून फुटली, तर पोट उघडायचं नाही. जांघेतल्या धमनीतून कापड लावलेली जाळीची नळी वर सरकवायची आणि फुटलेल्या जागी आतून अस्तरासारखी बसवायची. सर उठले. "चोर खिडकीतनं शिरतो, गड्या. डॉक्टर दारातनं जातो." सभागृह हसलं.

"तुमच्या दारातून किती जण परत आले, सर?" तरुणानं विचारलं. सर जेवायला निघून गेले.

पुढं विट्याकडचे एक निवृत्त सुभेदार आले. महारोहिणी फुटली होती, पण रक्त पोटाच्या मागच्या बाजूला दाबानं अडलं होतं. ते शुद्धीवर होते, बोलत होते. मुलानं विचारलं, "मुंबईला न्यावं का?"

"वाटंतच जातील," सर म्हणाले.

मी भूल दिली, सरांनी पोट उघडलं. रक्त अडवून धरणारा दाब सुटला आणि रक्ताचा लोंढा आला. सरांनी शर्थ केली; सुभेदार टेबलावरच गेले.

बाहेर येऊन सर मुलाला म्हणाले, "तुझा सवाल बराबर हुता. माझा जबाब चुकला." त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग पन्नाशी उलटलेले सर मुंबईला जाऊन नवी पद्धत शिकायला त्या तरुणाच्या मागं उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "नळी बरी हाय. चहा लय भिकार."

तसा पुढचा रुग्ण माधवनगरचा गिरणी कामगार होता. सरांनी मुंबईला त्या तरुणाला फोन केला आणि मला घेऊन स्वतः अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढले. रक्तदाब उतरलेला पाहून मी सलाईनचा वेग वाढवू लागलो, तर सरांनी माझा हात झटकला. "प्रेशर वाढवून, अडलेलं रगत सोडून मारतोस व्हय रं? बोलतोय न्हवं? तेवढं बास." मग शिव्या घालत त्यांनी त्याला मुंबईपर्यंत बोलतं ठेवलं.

महिन्यानं तो जांघेत बोटभर व्रण घेऊन चालत आला. त्याची बायको सरांच्या पायांशी वाकली. सर पाय मागं घेत खेकसले, "आवं, माझ्या कसल्या पाया पडताय? मी निस्ता गाडीत बसून गेलो."