काठावर छापलेली इटली

मी रशियन शिकले ती वडिलांच्या सांगण्यावरून. आम्ही मूळचे जळगावकडचे. वडील सुरतला टपाल खात्यात होते आणि घर तिथेच भेस्तानला. आपला देश रशियाकडून विमानं आणि यंत्रं घेतो, बदल्यात चहा आणि कापड देतो, हे ते पेपरात वाचत. अमेरिका आणि रशिया यांचं वैर आपल्या हयातीत तरी मिटत नाही, अशी त्यांची खात्री होती. म्हणाले, "इंग्रजीवाले ढिगानं आहेत. तू रशियन शीक."

पुण्याला राहून शिकले आणि खरंच नोकरी लागली. सुरतच्याच बमरोलीतल्या एका मिलमधून छापील कापड रशियाला जायचं. दर हिवाळ्यात तिकडच्या सरकारी खात्याची एक बाई माल तपासायला यायची. मी तिची दुभाषी. ती उंच, जाड भिंगांचा चष्मा, खिशात निळा खडू. रंग जरा सरकलेला दिसला की ती कापडावर फुली मारायची आणि पूर्ण ताका परत. शेठ हात जोडायचे. ती माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यांना, आमच्या बायकाही माणसंच आहेत."

मग तो देशच मोडला. टीव्हीवर लोक पुतळे पाडत होते, आणि इकडे गोदामात रशियन अक्षरं छापलेल्या पेट्या पडून होत्या. काही महिने वाट बघून शेठनी मला बोलावलं. "बेन, रशिया ज नथी रह्युं," ते म्हणाले. रागावले नव्हते. रशियाच राहिला नाही, तर ते तरी काय करणार. मी टेबलाचा खण रिकामा केला आणि रिक्षा धरून घरी आले. आई म्हणाली, "जेवी ले." मी जेवले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पुढे इंग्रजी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. तिथेही फारसं काही वाटायचं नाही.

दोनेक वर्षांनी एका दुपारी शेठनी घरी माणूस पाठवला. "तुमची रशियन बाई आली आहे, चला."

ती गोदामात स्टुलावर बसली होती. केस पांढरे झाले होते. पायाशी मोठाल्या चौकड्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या. मी विचारलं, "तुमचं खातं?"

"बंद झालं. आता मी बाजारात कापड विकते."

"आणि मुलगा?" तो अफगाणिस्तानात लढायला गेला होता, एवढं मला ठाऊक होतं.

"परत आला. ठेल्यावर बसतो. बोलत नाही फारसा."

तिला सेकंडचा माल हवा होता, म्हणजे छपाई चुकलेला, स्वस्तातला. शेठनी ताके उलगडले. एका ठिकाणी फुलांचा लाल रंग सरकून पानांवर गेला होता. तिचं बोट तिथे थांबलं. दुसरा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि तसाच राहिला. "चालेल," ती म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. मी शेठना सांगितलं, "चालशे."

निघताना तिनं आवाज खाली आणून विचारलं, "काठावर इटली असं छापून मिळेल का? भारताचं म्हटलं की आता कोणी हात लावत नाही. सगळ्यांना पश्चिमेकडचं हवं असतं."

मी तेही सांगितलं. शेठ हसले. "इटली शुं, अमेरिका छापी आपुं." अमेरिकासुद्धा छापून देऊ. त्याचंही मी भाषांतर केलं. ती हसली नाही. "नको, इटली पुरे," म्हणाली. मग आम्ही तिघांनी चहा घेतला आणि मी पिशव्या बांधायला तिला मदत केली. कापड इतकं दाबून भरलं की चेन लागेना. शेवटी तिनं गुडघा टेकवून ती ओढली.

तिच्यामागून तशा आणखी बायका आल्या, त्यामुळे शेठनी मला पुन्हा ठेवून घेतलं. ती स्वतः एकदाच परत आली. नंतर कोणीतरी सांगितलं की ती आता तुर्कस्तानातून माल आणते, जवळ पडतं. मी बरं म्हणाले.

नव्वदचं दशक संपता संपता मला सुरतजवळच्या इच्छापोरच्या एका कारखान्यात काम मिळालं. यंत्रं युक्रेनमधल्या बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली, ती बसवून देणारा इंजिनियर तिकडचाच, रशियन बोलणारा, आणि त्याच्यावर देखरेखीला एक अमेरिकन साहेब. मी मध्ये बसायचे. एकदा जेवताना दोघांचं लष्करातल्या नोकरीवर बोलणं निघालं. तरुणपणी दोघंही जर्मनीत होते, साहेब अमेरिकेच्या फौजेत आणि तो सोव्हिएत फौजेत, एकाच सीमेच्या दोन बाजूंना, एकमेकांवर दुर्बिणी रोखून. अमेरिकन साहेबानं टेबलावर थाप मारली. युक्रेनचा माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझी भाकरी हातातच होती. आपणही हसावं असं मला वाटलं, पण तेवढ्यात साहेबानं विचारलं की यंत्राच्या मोटरची केबल कधी येणार, आणि मी ते रशियनमध्ये विचारलं.