काट्याजवळ लोखंड नको

"खिसे," एवढंच म्हणून सर हात पुढे करायचे. किल्ल्या, टाचण्या, अडकित्ता, जे असेल ते त्यांच्या तळहातावर ठेवल्याशिवाय जुहूच्या आमच्या फ्लाइंग क्लबातल्या विमानात कुणाला पाय टाकता येत नसे. "होकायंत्राच्या काट्याजवळ लोखंड नको." शिकाऊ वैमानिक त्यांना चळाचळा कापत. मी तर ऑफिसातला कारकून, जमिनीवरच्या विमानातच काय ते बसणारा, तरी कापायचो. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच.

एकदा उभ्या विमानात बसून मी ट्रान्झिस्टरवर कॉमेंट्री ऐकत होतो. सर आले.

"बघा, काटा कुठे वळला? याच्या आत चुंबक असतं. वर ढगात असतात, तर मेला असतात."

मी जमिनीवर असूनही घाम पुसला.

त्यांची मुलगी तिथंच शिकली. एका दसऱ्याला सकाळीच ती पहिल्यांदा एकटी दमणला निघाली. तिची आई, आमच्या वहिनी, अंधेरीहून पूजेला आल्या होत्या. विमानाला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. विमान गेल्यावर मला चहा देत म्हणाल्या, "ह्यांनी तिचे खिसे तपासल्यावर मीच हळूच गाडीतला गणपती लावला हो तिच्यासमोर. चुंबकाचा आहे, पडायचा नाही."

कप तिथंच ठेवून, पोट सांभाळत, मी टॉवरचा जिना चढलो. सरांच्या कानात सांगितलं. त्यांनी माइक उचलला.

"खाली काय दिसतंय, बाळ?"

"पाणी."

"उजवीकडे किनारा?"

"नाही बाबा. सगळं धुरकट आहे. काटा तर बरोबर दाखवतोय."

"काटा विसर. सूर्य नाकासमोर धर आणि तशीच ये. समोरचा गणपती काढ."

नुसती खरखर. मग, "काढला. पायाशी ठेवू?"

"पायाशी कसा ठेवतेस? मागच्या सीटवर बसव."

पेट्रोल किती उरलंय, हे मी विचारणार होतो. सरांनी माझं मनगट धरलं, ते सोडलंच नाही. रेडिओ गप्प.

"बाबा, वाळू. होड्या दिसतायत."

"किनारा डावीकडे ठेव. घरी ये."

माझ्या मनगटावर त्यांची बोटं उमटली होती.

"लवकर परतली?" वहिनींनी विचारलं.

"हवा बरी नव्हती." सरांनी पोरीला डोळ्यांनीच गप्प केलं. मग चहा बशीत ओतत वहिनींना म्हणाले, "गणपती घरीच ठेवू आपण. विमानात पेट्रोलचा फार वास येतो गं."

सर गेले, तेव्हा शोकसभेत जो तो त्यांच्या ओरडण्याचे किस्से सांगत होता. वहिनी हळूच म्हणाल्या, "माझ्यावर मात्र कधी आवाज चढवला नाही हो."

शेजारी बसलेल्या मुलीने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खाली बघत राहिली.