ज्येष्ठमधाची काडी

आमच्या घरात सरळ कानाचा कप नव्हता. सासरे बोईसरच्या बाजूला चिनीमातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात होते, आणि भट्टीतून वाकडा निघालेला माल कामगारांना फुकट मिळायचा. साठीच्या दशकात मी एडवणहून लग्न होऊन पालघरच्या त्या चाळीत आले, तेव्हा दारोदारी तेच वाकडे कप. पाहुण्याला त्यातल्या त्यात बरा कप द्यायचा, एवढीच रीत. आता माझ्या कपाटात महागडे सेट आहेत, पण चहाला ती चव नाही. नाहीच!

सासरे साताऱ्याकडचे, कडक शिस्तीचे. पांढऱ्या मातीची पूड चाळायचं काम त्यांचं. संध्याकाळी सायकलवरून उतरले की भुवयासुद्धा पांढऱ्या. "पिठाच्या गिरणीत पडला होता व्हय?" सासूबाई रोज विचारायच्या आणि ते रोज हसायचे. हसले की खोकला सुटायचा आणि लवकर थांबायचा नाही.

कारखान्यात आधी डॉक्टर नव्हता. युनियनने संप करून तो मिळवला. मग आमच्या शहाण्या लोकांनी काय करावं? डॉक्टर आला त्या दिवसापासून त्याच्यापासूनच खोकला लपवायला लागले! डॉक्टर ज्याला अनफिट म्हणेल त्याला कंपनी घरी बसवणार, अशी बोलवा होती. आणि घरी जाणाऱ्याला तेव्हा मिळायचं काय, तर एक हार आणि कपबश्यांचा सेट. सरळ कानांचा, एवढंच. म्हणून तपासणीला जाताना सगळे गालात ज्येष्ठमधाची काडी धरायचे. सासऱ्यांच्या खिशात तर ती कायमच असायची. बाजारातून मीच आणायचे.

पुढे युनियनने मागणी केली, धुळीने छाती गेलेल्यांचं औषधपाणी कंपनीने करावं, आणि आजारपणामुळे घरी बसावं लागलं तर ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी. कंपनीचं उत्तर ठरलेलं: आमच्याकडे कुणी आजारी नाहीच, डॉक्टरांना विचारा. आता बोला! युनियनचे पुढारी आमच्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्ही पुढे व्हा, बाकीचे येतील मागून."

"मला काय झालंय? ठणठणीत हाय की मी," सासरे म्हणाले.

धाकट्या नणंदेचं लग्न व्हायचं होतं. त्यांची भीती मला कळत होती. पण सदरा अंगावर रोज ढगळ होत चालला होता, तेही मला दिसत होतं. हे असंच चाललं तर माणूस हातचा जाणार, आणि घरात येणार काय? कपबश्या. नुसता संताप व्हायचा माझा.

एका रविवारी कारखान्याच्या गेटसमोर मैदानात सभा झाली. मॅनेजरसाहेब स्वतः आले. आम्ही बायका मागे बसलो होतो. साहेब म्हणाले, "ज्यांना धुळीचा त्रास आहे त्यांनी उभं राहावं. होऊन जाऊ दे समोरासमोर."

एक माणूस हलला नाही. एवढं भरलेलं मैदान, आणि कुणी साधा घसाही खाकरेना. सासरे पुढच्या रांगेत, एक गाल फुगलेला. पुढाऱ्यांनी माना खाली घातल्या.

सुनेने सासऱ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, असे ते दिवस. मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि उभी राहिले. कुठून बळ आलं, देव जाणे.

"मामंजी, थुंका ती काडी!"

सासूबाईंनी माझं पातळ खसकन ओढलं. सासरे वळले. काय ती नजर! वाटलं, झाली आपली माहेरी रवानगी. मग त्यांनी काडी तळहातावर काढली आणि उठून उभे राहिले. खोकला असा आला, की शेजारच्याने त्यांना धरलं. तो इथल्याच, पालघरकडच्या डोंगरातला. "सायेब, मना पन हाय," म्हणत तोही सुरू झाला. मग मागचा, मग त्याच्या मागचा. सगळं मैदान खोकायला लागलं. आम्ही बायका रडत होतो आणि हसतही होतो.

बोलणी बरीच लांबली, पण "कुणी आजारी नाही" म्हणायची सोय राहिली नव्हती. औषधपाणी मान्य झालं, ग्रॅच्युइटीही. सासरे सगळं पदरात पाडून घरी बसले. सभेपासून माझ्याशी चकार शब्द बोलले नव्हते. निरोपाच्या दिवशी गळ्यात हार तसाच ठेवून आले आणि सेट माझ्यापुढे ठेवला.

"सूनबाय, पयला च्या तू घे. सरळ कपात."

नणंदेचं लग्न झालं. सासरे रोज सकाळी ओट्यावर बसून मनमोकळं खोकायचे, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं. औषध चालू होतं, पण छाती गेली ती गेलीच होती. त्यांचा खोकला ऐकला की मी चहाचं आधण ठेवायचे. खोटं कशाला बोलू, मला तो आवाज आवडायचा.

एका सकाळी सासूबाईंनी विचारलं, "अगं, आज च्या न्हाय का?"

"मामंजी अजून खोकले कुठे?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी ओट्याकडे धावलो.