रिकामी फेरी

माझा दीर केवळराम पाण्याशी बोलते, माणसांशी बोलत नाही. लोक म्हणतात, भोळा आहे. कायचा भोळा! पाय धुतल्याशिवाय नावेत चढू देणार नाही कोणाले, मग तो पाटील असो का पोलीस. आम्ही ढिवर, नाव हाकणारे. सावरघाटावर त्याच्या बापाचं, आजाचं पोट चाललं. मोहफुलं, लाख, तांदूळ, नवरदेव, गाभण म्हशी, सारं आमच्याच नावेतून वैनगंगेच्या पल्याड जायचं. मग वरच्या अंगाले पूल झाला आणि घाट मेला. बाजार उठला, दुकानं पडली. राहिली फक्त माझी चहाची टपरी.

काऊन राहिली? माझ्या पोरीचे, नूतनचे बाबा ह्याच घाटावरून गेले. पुरात नाव उलटली, चौघं वाहून गेले, तिघं सापडले. हे सापडले नाहीत. नूतन तवा पाळण्यात होती. कुंकू पुस म्हणायले आलेल्या बायांले मी म्हटलं, प्रेत दाखवा, मग पुसतो. केवळराम चाळीस दिवस काठीनं नदीचा तळ चाचपत फिरला, आणि मग पुढं आमचं घर दोन्ही हातांनी सांभाळलं. स्वतःचं लग्नसुद्धा नाही केलं बापड्यानं.

यंदा घाटाले पुन्हा जीव आणायची योजना निघाली. फरशा बसल्या, खांबांवर दिवे लागले. घाट एवढासा, दिवे एवढाले, नाकापेक्षा मोती जड. पैलतीरी रेतीत तंबूंचं रिसॉर्ट झालं, त्याचं नाव काय, तर ‘बीच’! अरे बाबा, समुद्र कुठं, गोंदिया कुठं? पण गाव हरखलं. केवळरामले नव्या नावेवर नावाड्याची नोकरी लागली, नूतनले पाहुण्यांच्या सोबतीची. उद्घाटनाच्या पहिल्या फेरीत साहेबासंगं तीच बसणार होती.

तिथंच केवळराम अडला. आमच्यात कोरी नाव पाण्यात घातली का पहिली फेरी रिकामी नेतात. त्या फेरीत नदीनं नेलेले बसतात. त्यायले पैलतीरी उतरवून यायचं, मग जित्यांनी बसायचं. नाही उतरवलं, तर ते जित्यांतला एक सोबतीले नेतात. ठेकेदाराचा माणूस केशोराव हसला. “ये सब अंधश्रद्धा है, मामा. दस बजे साहब बैठेंगे, बस.” मलेही हसू आलं, खोटं कायले बोलू? पण सांजेले केवळराम माझ्या दारात येऊन उभा राहिला.

“वहिनी, आपली नूतन उद्या बसून राहिली त्या नावेत. मी सकाळी रिकामी फेरी नेतो. तुम्ही या. काठावर आपलं कोणी पाहिजे.”

उजाडता उजाडता मी घाटावर गेली. धुकं असं, का पैलतीर दिसेना. इंजिनाची किल्ली केशोरावपाशी, म्हणून केवळरामनं वल्हं घेतलं. फायबरची नवी नाव, पोटाशी निळा पट्टा, पाण्याच्या वीतभर वर. त्यानं नाव फरशीले लावली आणि सुन्या घाटाले म्हटलं, “बसा. जपून.”

मी हसू लपवायले तोंडाले पदर लावला. नाव डुलली. वारा नव्हता. पुन्हा डुलली, पुन्हा. पट्टा खाली जात जात पाण्यात बुडाला. पदर माझ्या हातातून सुटला.

केवळराम धुक्यात गेला. वल्ह्याचा आवाज भरल्या नावेचा येत होता, जड. मग तोही थांबला. मी बसून राहिली. भीती वाटली, लय वाटली. बऱ्याच वेळानं तो परत आला. पुढून नाव हलकी झाली होती. मागची बाजू मात्र दबलेलीच, तिथला पट्टा अजून पाण्यात.

“सारे उतरले,” केवळराम म्हणाला. त्याचं तोंड पांढरंफटक. “एक नाही उतरून राहिला.”

“कोण?”

“नाव घ्याचं नसते, वहिनी. तुम्हीच सांगा त्याले, पाण्यावाटे जाईल पल्याड. लहान भावाचं त्यानं कधी ऐकलं?”

एकवीस वर्षं ज्यायची वाट पाहिली, ते हातभर अंतरावर. मी म्हटलं, “बसू दे ना रे. दहा वाजता पोरगी येईल. एक डाव डोळे भरून पाहतील.”

“पाहील आणि घेऊन जाईल. मुद्दाम नाही, वहिनी. मायेनं.”

मी पायरीवर उतरली. मागच्या फळीवर कोणी नव्हतं. फळी ओली होती.

“कायले बसून राहिले?” मी म्हटलं. आवाज चिरला, तरी ओरडली. “नूतन नाही इथं. लग्न होऊन नागपूरले गेली, नाही येणार आता. मी बरी आहो. तुमची वाट पाहून कंटाळली मी. जा म्हणतो ना! जा!”

पट्टा हळूहळू वर येऊ लागला. आणि तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवरून नूतनची हाक आली, “आई! एवढ्या सकाळी कोणावर ओरडून राहिली?”

पट्टा थांबला. नावेचा मागचा भाग तसाच थरथरत राहिला. केवळरामनं डोळे मिटले. पोरीची पावलं एकेक पायरी उतरत होती, आणि मी मनात एकच म्हणत होती, जा, जा, जा.

मग नाव एकदम वर आली.

मी खोटं बोलली, हे त्यायले कळलं होतं. कळूनच गेले.