कळसाडीच्या गोदामातलं जहाज

शनिवार, २२ फेब्रुवारी, सकाळ. ठिकाण – कळसाडी शिवार, तालुका शहादा, जगदीशभाईंचं कापसाचं रिकामं गोदाम. हजर – माझा भाचा पंकज (दिग्दर्शक, कॅमेराही तोच), ब्राह्मणपुरीचा दिनेश (नट), बाहेर विहिरीच्या मोटरीपाशी जगदीशभाई, कपड्यांसाठी नसरीन, आणि मी.

माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. भुतंखेतं, अंगात येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. बल्ब गेला तर आधी होल्डर तपासायचा, ही माझी पद्धत. म्हणून जे तपासलं तेही लिहिते.

पंकज लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याला सिनेमा करायचा होता... काही वर्षांपूर्वी वादळात बुडालेल्या एका खऱ्या जहाजावर. विम्यासाठी ते मुद्दाम बुडवलं, अशी त्याची कथा. वकिलाच्या भीतीने त्याने जहाजाचं, कंपनीचं, कप्तानाचं, सगळ्यांचं नाव बदललं. एकच खरं ठेवलं – यूसुफ फिटर. कारण तो आपल्या शहाद्याचा! आपला माणूस त्या जहाजावर होता, याचा गावाला केवढा अभिमान. आणि कथेत आतला फितूर कोणीतरी हवा होता, म्हणून तोही यूसुफच झाला. त्याने व्हॉल्व्ह उघडून समुद्राचं पाणी आत घेतलं, असं दाखवायचं होतं.

नसरीन ही त्या यूसुफची बहीण. शहाद्यात शिवणकाम करते. भावाचं प्रेतही मिळालं नाही. सिनेमात भाऊ आहे एवढंच तिला कळलं होतं, म्हणून खलाशांचे कपडे तिने हौसेने शिवून दिले. कथा तिला कोणी सांगितली नव्हती. ती कळली त्या सकाळी, पंकज दिनेशला सीन समजावत होता तेव्हा.

ती उठून पंकजपाशी गेली. ‘‘बेटा, घर का नल टपका तो यूसुफभाई खाना छोड के उठता था. वो जहाज में पानी लेगा? नाम निकाल उसका.’’

‘‘खाला, पिक्चर शे हाऊ,’’ पंकज म्हणाला. ‘‘नाव काढलं तर आपला माणूस राहतो कुठे त्यात?’’

‘‘ऐसा रखना है तो मत रख.’’

बाहेर जगदीशभाई मोटर सुरू करायला खोळंबले होते, शेतीची वीज केव्हाही जाणार होती. मी मध्ये पडले. म्हटलं, नसरीन, आवाज नंतर पुन्हा भरायचाच आहे, तेव्हा नाव बदलू. माझा शब्द. ती खुर्चीवर जाऊन बसली.

आमचं इंजिनरूम म्हणजे माझ्या मंडपाचं प्लायवूड, खाली-बाजूंनी ताडपत्री. व्हॉल्व्ह म्हणून कडबाकुट्टीचं जुनं चाक लाल रंगवून प्लायला बसवलेलं. ते नुसतं फिरायचं, कशालाच जोडलेलं नव्हतं. पाण्याचा पाइप दुसऱ्या भिंतीतून आत घेतला होता.

जगदीशभाईंनी मोटर सुरू केली. यूसुफ झालेल्या दिनेशने चाक उघडायच्या दिशेला फिरवलं. पाणी नाही. थेंबही नाही.

‘‘जगदीशभाई, पानी काब येत नही?’’ पंकज ओरडला.

‘‘मोटर चालू शे! तुन्हा जहाजलेच तहान लागनी व्हई!’’

दिनेशने हसून हात काढला, आणि पाणी धो-धो आलं. त्याने पुन्हा चाक धरून उघडायला घेताच पाणी बंद. मी पाइप सोडवून पाहिला, कचरा नव्हता. जोड आवळला. वीज होती, गोदामातला बल्ब जळत होता. जगदीशभाई आत आले आणि म्हणाले, हवा अडकली असेल. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. हवा काय दिनेशचा हात कुठल्या बाजूला फिरतोय ते बघते?

‘‘मावशी, चाक जड व्हई गयं,’’ दिनेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

तेव्हा नसरीन बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, ‘‘उसको बंद करने को बोलो.’’

दिनेशने चाक उलटं, बंद करायच्या दिशेला फिरवलं. आणि पाणी आलं, असं की प्लाय थरथरलं. दिनेश फिरवतच राहिला. पाणी गुडघ्यांवर आलं, कमरेला लागलं, तरी तो चाक सोडेना. पंकजला ‘कट’ म्हणायचं सुचलं नाही. शेवटी मीच धावत जाऊन मोटर बंद केली. नसरीन तोवर निघून गेली होती.

तो शॉट कथेत बसेना म्हणून पंकजने वगळला. चाक उघडण्याचा शॉट त्याने कोरडाच घेतला आणि पाणी कॉम्प्युटरवर जोडलं. मग घाईघाईत ट्रेलर टाकला... शूटिंगच्याच आवाजात. ‘यूसुफने गद्दारी केली,’ हे वाक्य शहाद्यातल्या मोबाइल-मोबाइलवर गेलं. माझ्या शब्दाचं काय झालं, ते नसरीनने विचारलं नाही. शिवायला दिलेले माझे ब्लाउजपीस तिने शेजारणीच्या हाती परत पाठवले, न कापलेले, घडी घालून.

पंकजने ट्रेलर काढून टाकला, पण लोकांच्या फोनमधून तो कसा काढणार? नाव बदलायला तो आता तयार आहे. दिनेश कामासाठी सुरतेला गेलाय, तो आला की आवाज भरू.

त्या पाण्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. चाक माझ्या गोडाऊनमध्ये आहे. येता-जाता फिरवून पाहते, हलकं फिरतं.

वगळलेला शॉट मी पंकजकडून फोनमध्ये घेऊन ठेवलाय. यूसुफने पाणी घेतलं नाही, शेवटपर्यंत चाक बंद करत राहिला, हे त्यात स्पष्ट दिसतं. पण तो कसा गेला असेल, तेही त्यातच दिसतं. फोन घेऊन मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाते. आतून मशीनचा आवाज येत असतो.

नसरीनला शॉट दाखवणे – बाकी.